सैन्य परदेशी पाठवताना लोकांना कोणी विचारलं?

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांचं सरकार कोसळलं, तेव्हा ढाक्याची बातमी नाशिक जिल्ह्यात बाजारभावाच्या वाटेने पोचली. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. सीमेवर ट्रक अडकले आणि लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. त्याच दिवसांत "१९७१ सारखं सैन्य घुसवा" असं म्हणणारेही भेटू लागले. १९७१ चं नाव एवढ्या सहज घेतलं जातं, म्हणूनच त्या वर्षी लोकांचा पाठिंबा कसा उभा राहिला आणि त्याच्या आधी-नंतर काय घडलं, ते नीट मांडायला हवं.

सुरुवात नाशिकजवळच्या देवळालीपासून करावी लागते. इथली छावणी १८६१ ची. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी इथे मुक्काम करायच्या, मायदेशी परतणारे शिपाई बोटीची वाट बघत इथेच थांबायचे. पहिल्या महायुद्धात १३ लाखांच्या आसपास हिंदी माणसं ब्रिटिशांच्या लढाईत उतरली, ७४ हजारांच्या आसपास मेली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळपास पाच महिने उपासमार सोसल्यावर २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. टायग्रिसच्या काठी कशासाठी मरायचं, हे त्या शिपायांच्या गावी कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर अजिबातच नव्हतं.

तरी पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला होता. मंडालेहून सुटून आलेल्या लोकमान्य टिळकांनी १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धकार्यात सरकारला साह्य करण्याची भूमिका जाहीर केली. पण ती बिनशर्त नव्हती. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद बोलावली. टिळक स्वराज्याचा मुद्दा काढू लागताच गव्हर्नरने त्यांना अडवलं आणि टिळक सभागृह सोडून निघाले. सैन्यभरतीला मदत हवी, पण ज्यांची मुलं भरती व्हायची त्यांना राज्यकारभारात वाटा नको, हा व्यवहार टिळकांना मान्य नव्हता. माझ्या मते आपल्याकडच्या या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे.

पुढे हा मुद्दा काँग्रेसने धरून ठेवला. १९२७ मध्ये हिंदी पलटणी शांघायला पाठवल्या, तेव्हा निषेध झाला. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं आणि प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यात मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही होतं. नाशिकमध्ये मात्र याच्या उलट विचारही जोरात होता. हिंदू महासभेचे पुढारी डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये इथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. देवळाली छावणीला लागून असलेल्या भगूरचे सावरकर तर तरुणांनी सैन्यात शिरावं, शस्त्र हाताळायला शिकावं, असं महायुद्धभर सांगत राहिले. लढाई ब्रिटिशांची असली तरी कवायत आपल्याला उपयोगी पडेल, असा तो हिशेब. १९४५ मध्ये डच सत्ता परत बसवण्याच्या कामी हिंदी शिपाई इंडोनेशियात वापरले गेले, तेव्हा नेहरूंनी उघड विरोध केला.

स्वातंत्र्यानंतर ही जुनी सल धोरणात उतरली. कोरियाच्या युद्धात भारताने लढणारी पलटण दिली नाही, वैद्यकीय पथक दिलं. १९५३ मध्ये युद्धकैद्यांचा ताबा सांभाळायला भारतीय दल गेलं, त्याचं नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होतं. काँगोतही सैन्य गेलं ते संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली.

आता १९७१. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालमध्ये कत्तल सुरू केली. ३१ मार्चला आपल्या संसदेने तिथल्या जनतेच्या पाठीशी उभं राहण्याचा ठराव एकमताने केला. लोक सरकारच्या पुढे होते. बांगलादेशला मान्यता द्या म्हणून जनसंघ मोर्चे काढत होता, जयप्रकाश नारायण जगभर फिरून बाजू मांडत होते, आणि इंदिरा गांधी थांबल्या होत्या. सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची संख्या वर्षअखेर एक कोटीच्या घरात गेली.

त्यांच्या खर्चासाठी कर बसला, आणि इथे नाशिकचा संबंध थेट येतो. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर याच चव्हाणांना नाशिकने १९६३ च्या पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं. त्यांच्या खात्याने नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार लावला. त्याचं तिकीट छापायचं काम नाशिकरोडच्या प्रेसकडे. वेगळं तिकीट तयार होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच "शरणार्थी सहायता" असे शब्द छापून ते चालवलं गेलं. साठा पुरेना तेव्हा ठिकठिकाणच्या टपाल खात्याने रबरी शिक्के मारून वेळ निभावली. निर्वासितांचं चित्र असलेलं स्वतंत्र तिकीट १ डिसेंबरला आलं. पाकीट तेव्हा वीस पैशांचं होतं; म्हणजे एका पत्रामागे चौथा हिस्सा जादा. हा आकार युद्ध संपल्यावरही मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला. पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो पाच पैशांचा तुकडा यायचा आणि पैसे कुठे चालले ते त्यावरच लिहिलेलं असायचं. पाठिंबा म्हणतात तो हा, असं मी म्हणेन. आधी मोजलेला, नाव लिहिलेला, आणि सैन्य हलण्याच्याही आधी वसूल होऊ लागलेला.

३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यावरच उघड युद्ध सुरू झालं. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला करणारी विमानं मिग-२१ जातीची, म्हणजे नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात जी बनत होती तीच. १६ डिसेंबरला शरणागती. त्यामुळे "१९७१ सारखं" म्हणताना आठ महिन्यांची तयारी, एक कोटी निर्वासित, सोव्हिएत संघाशी केलेला मैत्री करार आणि पहिला वार पाकिस्तानचा, हे सगळं त्यात धरावं लागतं.

श्रीलंकेत यातलं काहीच नव्हतं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधींनी कोलंबोत करार केला आणि शांतिसेना जाफन्यात उतरू लागली. तमिळ बंडखोरांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला गेलेलं सैन्य ऑक्टोबरात लढाईत सापडलं. महाराष्ट्रात, आणि तोफखान्याचं गाव असलेल्या देवळालीतही, ते वर्ष लोकांच्या लक्षात राहिलं ते बोफोर्स तोफांच्या दलालीमुळे. समुद्रापलीकडे आपली पोरं पडताहेत, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. जवळपास १,२०० जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला परतली, तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळनाडूतलं जनमत विरोधात होतं, उरलेल्या देशाला काही मतच नव्हतं. सैन्याला याहून वाईट वागणूक देता येत नाही, असं मला मनापासून वाटतं. दरम्यान नोव्हेंबर १९८८ मधली मालदीवमधलं बंड मोडण्याची मोहीम इतक्या झटपट उरकली की तिच्यावर वाद व्हायला वेळच मिळाला नाही.

श्रीलंकेचा चटका २००३ मध्ये कामी आला. अमेरिकेला इराकमध्ये भारताची जवळपास एक डिव्हिजन हवी होती. दिल्लीत काही बड्या लोकांना ते पसंतही होतं. पण एप्रिलमध्येच लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठराव केला होता, रस्त्यावरचं मतही विरोधात होतं. १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असं कळवलं. इराकची पुढची वर्षं पाहता तो नकार किती मोलाचा होता हे कळतं. सभागृहात आधी चर्चा झाली होती, म्हणून तो देता आला.

ही चर्चा त्या वेळी झाली, पण ती करायलाच हवी असं बंधन आपल्याकडे नाही. परदेशी सैन्य पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी लागेल, अशी तरतूद आपल्या राज्यघटनेत नाही, निर्णय मंत्रिमंडळाचा. जर्मनीत १९९४ च्या घटना न्यायालयाच्या निकालापासून सशस्त्र मोहिमेला संसदेची संमती लागते. तसं बंधन इथेही यावं. जाफन्यासारखा निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली, तर नाशिक आणि दिंडोरीच्या खासदारांना सभागृहात उभं राहून हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि त्यांनी काय म्हटलं ते नोंदीत राहील.