क्रीप (काँक्रीट)

भार न वाढता, नुसता टिकून राहिल्याने पदार्थात काळाबरोबर वाढत जाणारी विकृती (आकारातला बदल) म्हणजे क्रीप. परिभाषेत त्याला विसर्पण म्हणतात, साइटवर मात्र क्रीपच. नेहमीच्या तापमानाला बांधकामाच्या पोलादात तो नगण्य असतो, लाकडात जाणवतो, आणि काँक्रीटमध्ये बहुधा पहिल्या दिवशीच्या विकृतीहून जास्त भरतो.

३ मीटर उंचीचा, बिनसळईचा खांब घेऊ. स्थितिस्थापकता गुणांक (ताठरतेचे माप) २५,००० न्यूटन/चौ. मिमी, प्रतिबल (दर चौ. मिमीवरचे बल) ८ न्यूटन/चौ. मिमी. भार येताच तो ०.९६ मिमी आखूड होतो. त्या वेळी काँक्रीट २८ दिवसांचे असेल तर क्रीप गुणांक (क्रीप सुरुवातीच्या विकृतीच्या किती पट) साधारण १.६ धरतात, म्हणजे पुढच्या काही वर्षांत आणखी सुमारे १.५ मिमी. हाच भार सातव्या दिवशी आला तर गुणांक २.२ च्या घरात, वर्षाने आला तर १.१. खांबात सळया असल्या की त्या क्रीप होत नाहीत. काँक्रीट हळूहळू अंग काढून घेते आणि भाराचा वाढता वाटा सळयांवर जातो.

सरकते ते सिमेंटचे जेल, म्हणजे सिमेंट आणि पाण्यातून तयार होणारा चिकट पदार्थ. त्याच्या अतिसूक्ष्म थरांत पाणी धरलेले असते. सततच्या दाबाखाली थर एकमेकांवरून घसरतात, पाणी जागा बदलते. खडी या लगद्याला अडवून धरते, म्हणून ताठ आणि भरपूर खडी, कमी पाणी असलेल्या मिश्रणात क्रीप कमी. कोरड्या हवेत तो वाढतो, जाड भागांत सावकाश होतो. भार काढला की काही विकृती लगेच, काही हळूहळू परत जाते, बाकीची कायमची.

मोजण्यासाठी १५० × ३०० मिमीचे सिलिंडर स्प्रिंगच्या चौकटीत ताकदीच्या ४० टक्क्यांपर्यंत दाबून ठेवतात. त्याच खोलीत बिनभाराचे जोडीदार सिलिंडर असावेच लागतात. काँक्रीट वाळतानाही आकसते. ते आकुंचन आणि सुरुवातीची स्थितिस्थापक विकृती वजा केल्यावर उरतो तो क्रीप. ताकदीच्या ४०–५० टक्क्यांपर्यंत क्रीप प्रतिबलाच्या प्रमाणात राहतो. त्यापुढे तो झपाट्याने वाढतो, आणि ताकदीच्या सुमारे ८० टक्के भार कायम ठेवला तर नमुना कालांतराने फुटतोही.

पूर्वप्रतिबलित काँक्रीटची, म्हणजे ताणलेल्या सळया किंवा तारांनी आधीच दाबून ठेवलेल्या काँक्रीटची, सुरुवातीची फजिती यातूनच झाली. साधी सळई १५० न्यूटन/चौ. मिमी ताणली तर ती ०.०००७५ इतकी लांबते; क्रीप आणि आकुंचन मिळून काँक्रीट जवळपास तेवढेच आखूड होते, आणि ताण संपतो. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने याने उच्च ताणबलाची तार घेतली. १,२०० न्यूटन/चौ. मिमीला ती ०.००६ लांबते, त्यामुळे तोटा सोसूनही बहुतांश ताण उरतो. त्याचे पेटंट १९२८ चे. तरीही अंदाज चुकतात: पलाऊ या पॅसिफिकमधल्या द्वीपदेशातला १९७७ चा २४१ मीटर गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) कोरोर–बाबेलदाओब पूल मध्यभागी दीड मीटरच्या आसपास खचला आणि दुरुस्तीनंतर काही महिन्यांत, सप्टेंबर १९९६ मध्ये कोसळला.

इमारतीत क्रीप सहसा जीवघेणा नसतो, कटकटीचा असतो. तुळईचा दीर्घकालीन झोळ सुरुवातीच्या दोन-तीन पट होतो. बाल्कनीचे टोक खाली येते आणि बाहेर काढलेला उतार बदलतो. आडभिंतीच्या खालची तुळई वाकली की भिंत कमानीसारखी स्वतःला तोलते आणि तळाशी आडवी फट किंवा तिरपी चीर दिसते. बोल मात्र गवंड्याला लागतो.

टेकू लवकर काढणे ही सर्वांत महागडी घाई. काँक्रीटचा नमुना-ठोकळा ताकदीच्या चाचणीत पास झाला म्हणून स्लॅब भार घ्यायला तयार होतोच असे नाही: कोवळ्या काँक्रीटची ताठरताही कमी आणि क्रीपही जास्त. सेंटरिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) काढताना टेकू न हलवता पाट्या काढता येतील अशीच मांडणी करावी. लांब तुळईत दाबाच्या बाजूला, म्हणजे मध्यभागी वरती, जादा सळई दिली की झोळ ठळक कमी होतो. शटरिंगला (काँक्रीटच्या साच्याला) वरच्या दिशेने थोडा बाक देतात. आडभिंती वरच्या मजल्यापासून खाली बांधत याव्यात, म्हणजे खालच्या भिंतींच्या आधी बराच झोळ पडून जातो. आणि भिंतीचा माथा स्लॅबला पाचर मारून घट्ट न करता १०–२० मिमी फट ठेवून ती लवचीक पदार्थाने भरावी.