पार्श्वभूमी : 'गृहाधारित' शेरा आणि कोकणातली पाखाडी

कोकणातल्या गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शाळांना मदत करणाऱ्या कार्यालयात, दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी चाळली की काही नावांपुढे 'गृहाधारित' असा शेरा भेटतो. मूल शाळेच्या पटावर आहे, वर्गात नाही. विशेष शिक्षक अधूनमधून घरी जाऊन शिकवतात. समावेशित शिक्षणाच्या चर्चेत रॅम्प, ब्रेल पुस्तकं, श्रवणयंत्रं यांवर पुष्कळ बोललं जातं. या शेऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मुंबईत मूकबधिरांची शाळा 1880 च्या दशकात निघाली. रत्नागिरीकडच्या मुलाला तिचा उपयोग व्हायचा तो मुंबईत कुणी चाकरमानी नातेवाईक असेल तरच. नाहीतर ते मूल पडवीतच वाढायचं. 1974 मध्ये केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना आली. एकात्म म्हणजे मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचं. समावेशित म्हणजे शाळेने मुलाशी. कागदावरचा शब्द केव्हाच बदलला, पण "आमच्याकडे त्याला जमणार नाही हो" हे वाक्य अजून ऐकू येतं.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. मात्र सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागू लागला, आणि दाखला म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. मंडणगडहून रत्नागिरीला जाऊन यायचं तर एसटीत अख्खा दिवस मोडतो. डॉक्टर त्या दिवशी नसले तर दुसराही.

2001 पासूनच्या सर्व शिक्षा अभियानात कोणत्याही मुलाला नाकारायचं नाही असं ठरलं. रॅम्प आले ते याच काळात. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे दोन फुटी जोत्याला 24 फूट लांबी लागते. डोंगरउतारावर बांधलेल्या शाळेला एवढं अंगण कुठलं? मग रॅम्प आखूड आणि खडा होतो, आणि आषाढात त्यावर असं शेवाळ धरतं की धडधाकट पोरंही बाजूच्या पायऱ्यांनीच जातात. त्यातून रॅम्प सुरू होतो शाळेच्या दारात. वाडीतून तिथवर यायचं ते चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी म्हणजे पायवाट उतरून, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडून. दिव्यांगांच्या साहित्यासाठी भरणाऱ्या मोजमाप शिबिरात मिळालेली व्हीलचेअर बऱ्याच घरी पडवीत उभी असते, तिच्यावर वाळत घातलेले कपडे.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. राज्याच्या 2011 च्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं. किलोमीटरला चढउतार नसतो. प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे खरा, पण रिक्षा थांबते डांबरी सडकेवर. तिथून पुढे मुलाला पाठुंगळी घ्यायचं काम आईचं किंवा आजीचं. बाप मुंबईला.

आणि मग याच कायद्यातली 2012 ची दुरुस्ती. माझ्या मते कोकणापुरती हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात घोटाळ्याची. तिने एकीकडे दिव्यांग मुलांना वंचित घटकात घेतलं. दुसरीकडे बहुविकलांग आणि तीव्र, म्हणजे 80 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याची निवड करता येईल असं म्हटलं. दुरुस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता: अंथरुणाला खिळलेल्या मुलापर्यंत निदान कुणीतरी पोचेल. विरोधकांना भीती होती की अवघड मूल घरी ठेवण्याची ही पळवाट होईल. कायद्यातला शब्द निवडीचा आहे, आणि ती निवड मुलाची व पालकांची. यादीत मात्र तो नुसता प्रकार होऊन बसतो: दृष्टिदोष, कर्णबधिर, गृहाधारित. जणू घरी असणं हेही एक अपंगत्वच. संमतीची सही आईचीच असते. पण कारण विचारलं तर ती मुलाच्या पायांकडे नव्हे, पाखाडीकडे बोट दाखवते. रस्ता झाला तर शाळेत जाऊ शकेल असं मूल आणि खरोखरच घराबाहेर काढता न येणारं मूल, दोघांना एकच शेरा. एकदा तो पडला की रस्त्याची मागणीही थंडावते.

पुढच्या घडामोडींची गर्दीच झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातचे 21 प्रकार केले आणि 6 ते 18 वयाच्या मुलांना शेजारची शाळा की विशेष शाळा हे ठरवण्याचा हक्क दिला, तोही 40 टक्क्यांच्या अटीवरच. 2017 च्या डिसेंबरात दहाच्या आत पट असलेल्या राज्यातल्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाला. विखुरलेल्या वाड्यांच्या कोकणात या दोन्हींची धास्ती मोठी होती. चालत्या मुलाला बस देता येते. पाठुंगळी येणाऱ्या मुलाची शाळा दोन वाड्या पलीकडे गेली की ते गृहाधारित व्हायला वेळ लागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने घरी शिकण्याचा पर्याय कायम ठेवला, सोबत त्याच्या परिणामकारकतेची तपासणी व्हावी असंही म्हटलं.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. 2024 मध्ये राज्याने अशा शिक्षकांची 4,860 पदं मंजूर केली, हिशोब केंद्रामागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक. कोकणातल्या एका केंद्रातल्या शाळा काही खाडीच्या अलीकडे, काही पलीकडे. शाळांच्या फेऱ्यांतून उरलेल्या दिवशी गृहभेट. आणि व्हाळ म्हणजे ओढा भरून साकव पाण्याखाली गेला की त्या आठवड्याची भेट रद्द.