‘आवडता’ की ‘सर्वोत्कृष्ट’: नाशिकच्या चित्रपट-कौलामागची पार्श्वभूमी

नाशिकमधील चित्रपटरसिकांच्या वार्षिक कौलाचा निकाल लागून पंधरवडा उलटला, तरी त्यावरचा वाद शमलेला नाही. पहिल्या क्रमांकावर कोणता चित्रपट आला आणि कोणता घसरला, हे येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. ज्यांना या वादात रस आहे त्यांना ती यादी तोंडपाठ आहे. तसे पाहिले तर भांडण यादीचे नाहीच. मतपत्रिकेवर आजवर ‘आपल्या मते सर्वोत्कृष्ट पाच मराठी चित्रपट’ असे छापलेले असे, त्या जागी या वर्षी ‘आपले आवडते पाच मराठी चित्रपट’ असे छापले गेले आणि या बदललेल्या शब्दाचा आधार घेऊन ‘राजा हरिश्चंद्र’ मोजणीतून वगळून यादीच्या माथ्यावर ‘मानाचे पान’ म्हणून स्वतंत्र चौकटीत छापला गेला. पुढची सगळी कुरबुर या दोन गोष्टींतून निघालेली आहे.

आपल्याकडे प्रेक्षकांनी मत द्यायचे आणि कोणीतरी ते मोजायचे, ही सवय चित्रपटाच्या आधी चित्रपटगीतांनी लावली. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा आठवड्याला सात गाणी वाजवून श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, असा साधा खेळ होता. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आल्याचे सांगितले जाते. पुढे पायदानांची, म्हणजे गाण्यांच्या क्रमांकांची, उतरंड ठरवताना तबकड्यांचा खप आणि ठिकठिकाणच्या श्रोतासंघांचा कौल या दोन्हींचा मेळ घातला जाऊ लागला. म्हणजे लोकांना काय आवडते हे नुसत्या पत्रांवरून कळत नाही, ही शंका मोजणाऱ्यांना तेव्हाच आली होती. आजच्या वादात ‘नव्याने उपस्थित झालेला प्रश्न’ असे जे म्हटले जाते, त्याचे वय त्यामुळे सत्तर वर्षांहून अधिक आहे.

‘आवडता’ आणि ‘सर्वोत्कृष्ट’ या शब्दांतले अंतर उघडे पडले ते १९५४ साली. त्या वर्षी मार्च महिन्यात एका चित्रपटविषयक नियतकालिकाने वाचकांच्या मतांवर आधारलेले पुरस्कार प्रथमच दिले आणि १९५३ सालचा उत्तम चित्रपट म्हणून वाचकांनी ‘दो बिघा जमीन’ निवडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारी पुरस्कारही प्रथमच दिले गेले. ते परीक्षकांनी ठरवले होते, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले, ‘दो बिघा जमीन’च्या वाट्याला गुणवत्ता प्रमाणपत्र आले. वर्ष तेच, पाहिलेले चित्रपट बहुतांशी तेच, पण विचारणारे दोन आणि उत्तरे दोन. त्यावरून कोणी कोणाला खोटे ठरवल्याचे वाचनात नाही. परीक्षकांना गुण विचारले होते आणि वाचकांना पसंती, एवढा भेद तेव्हाच्या प्रेक्षकाला सहज कळत असावा.

नाशिकमध्ये मात्र हा भेद फारसा कोणी पाळला नाही, कारण येथे बराच काळ कौल घेण्याची गरजच नव्हती. चित्रपट ‘सर्कल’ला किंवा ‘विजयानंद’ला किती आठवडे टिकला, हाच कौल असे. रौप्यमहोत्सवाची पाटी लागली की चर्चा संपली. ज्याने चित्रपट चार वेळा पाहिला त्याची चार मते झाली आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही. तिकिटाचे पैसे त्याने चार वेळा मोजले होते.

चिठ्ठ्यांवरचा कौल आला तो पोस्टकार्डांच्या काळात. दूरदर्शनच्या ‘सुरभि’ या कार्यक्रमात विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी १५ पैशांच्या पोस्टकार्डांचे ढीग येऊ लागले, तेव्हा टपाल खात्याने अशा उत्तरांसाठी जास्त किमतीचे वेगळे ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ काढले, हे अनेकांना आठवत असेल. येथील संयोजकांचे पहिले आवाहनही पोस्टकार्डांवरच होते आणि सुरुवातीच्या मोजणीत प्रस्तुत लेखकही बसलेला आहे. सतरंजीवर कार्डे पसरून, एकाने नाव वाचायचे आणि दुसऱ्याने वहीत उभ्या रेघा ओढायच्या, पाचवी रेघ आडवी. एके वर्षी एकाच वळणाचे अक्षर, एकाच निळ्या शाईचे आणि पाचही नावे त्याच क्रमाने, अशी अकरा कार्डे लागोपाठ निघाली. पाठवणारे पत्ते निरनिराळे होते. ती बाद करावीत की धरावीत यावर चहाचे दोन हप्ते झाले आणि शेवटी ती धरली गेली, कारण घरातल्या सर्वांची पत्रे एकानेच लिहिणे ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. गठ्ठा मतांचा आरोप त्या वर्षापासून या कौलाला चिकटला तो आजतागायत.

आता मुख्य गाठीकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ वगळण्याचा निर्णय भावनेतून झाला असे समजणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात तो मोजणीच्या अडचणीतून झाला. चिठ्ठ्यांवर बहुतेक मतदारांनी पूर्ण नाव लिहिलेलेच नव्हते. नुसते ‘हरिश्चंद्र’ असे लिहिले होते. या एका नावाखाली चार चित्रपट येऊ शकतात. एक, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला फाळक्यांचा मूकपट. दोन, त्याच कथेवर फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेला ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’. तीन, १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’, जो मराठीतला पहिला बोलपट आणि ज्याची कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. चार, २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, जो फाळक्यांच्या त्या उद्योगावरच बेतलेला आहे आणि त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला होता. मतदाराच्या मनात यांपैकी कोणता होता? वयाने ज्येष्ठ असेल तर तिसरा असू शकतो, महाविद्यालयात शिकणारा असेल तर चौथा असण्याची शक्यता अधिक. संयोजकांनी ती सर्व मते पहिल्याच्या नावावर टाकण्याचा मोह टाळला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण ती कोणाच्याच नावावर न टाकता त्यांचे ‘मानाचे पान’ केले, हे कोणत्या नियमात बसते ते त्यांनी सांगितलेले नाही.

गाठ येथेच सुटत नाही. १९१३ चा मूळ चित्रपट चार रिळांचा होता आणि आज त्याची पहिली व शेवटची अशी दोनच रिळे उपलब्ध आहेत. तीही १९१३ ची आहेत की १९१७ च्या आवृत्तीची, यावर जाणकारांत मतभेद आहेत, आणि उरलेला भाग १९१७ चाच असावा असे मानणारा पक्ष दुबळा नाही. मग ज्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला असे म्हटले, त्याने नेमके काय पाहिले? संयोजकांचा युक्तिवाद असा की, जो चित्रपट आज कोणालाच पूर्ण पाहता येत नाही तो ‘आवडता’ असू शकत नाही. तो आदरणीय असतो, आणि आदराला क्रमांक नसतो. युक्तिवाद दिसायला नेटका आहे. मात्र तो चित्रपट ‘सर्वोत्कृष्ट’ या जुन्या शब्दाखाली इतकी वर्षे मोजला जात होता आणि यादीत कुठेतरी मध्यावर येत होता, ही गोष्ट त्यात झाकली जाते. मध्यावर येणारा चित्रपट अचानक माथ्यावर नेऊन बसवणे म्हणजे शाल-श्रीफळ देऊन सेवानिवृत्त करणे होय, ही विरोधकांची टीका बोचरी असली तरी अस्थानी नाही.

भाषेचा प्रश्नही आहेच. कौल मराठी चित्रपटांचा. मूकपटाला भाषा कोणती? त्याच्या पडद्यावर वाचायच्या पाट्या एकाहून अधिक भाषांत होत्या आणि उरलेल्या रिळांत इंग्रजी व हिंदी दिसते. करणारा मराठी म्हणून चित्रपट मराठी, असे धरले तर त्याच माणसाचे इतर मूकपटही मराठी ठरतात आणि मग १९१७ चा ‘लंकादहन’ व १९१९ चा ‘कालिया मर्दन’ यांना मानाचे पान का नाही, याचे उत्तर द्यावे लागते. नाशिकच्या अभिमानाचा मुद्दा काढणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले तेही नाशिकमध्ये, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. हे सगळे खरे. पण १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा देखावा उभा राहिला होता दादरला. फाळके नाशिकला आले ते त्यानंतर, आणि १९१८ साली जी हिंदुस्थान फिल्म कंपनी येथे सुरू झाली तिचा ‘कालिया मर्दन’ आज बराचसा उपलब्ध असूनही या वर्षीच्या चिठ्ठ्यांत त्याचे नाव कानावर आले नाही. नाशिकचा चित्रपट म्हणून गौरवायचे होते तर तो गौरव भलत्याच रिळाला झाला आहे.

मोजणीच्या पद्धतीविषयी इतका खल झालेला नाही, पण पहिल्या क्रमांकावरचा राग मूळचा तिथला आहे. पाच नावे लिहायची आणि प्रत्येक नावाला एक मत, क्रम धरायचा नाही, ही पद्धत येथे पहिल्यापासून आहे. समजा १०० चिठ्ठ्या आल्या. एक चित्रपट ३० जणांनी सर्वांत वर लिहिला आणि उरलेल्या ७० जणांनी लिहिलाच नाही. दुसरा चित्रपट १० जणांनी सर्वांत वर लिहिला आणि ५० जणांनी चौथा लिहिला. चालू पद्धतीत दुसरा चित्रपट ६० विरुद्ध ३० असा सरळ जिंकतो. नुसते पहिले नाव मोजले तर पहिला चित्रपट जिंकतो. आणि क्रमाला पाच, चार, तीन, दोन, एक असे गुण दिले तर दोघांनाही बरोबर १५० गुण पडतात. चिठ्ठ्या त्याच, निकाल तीन. या वर्षीचा विजेता अनेकांच्या चिठ्ठीत असूनही फार थोड्यांच्या चिठ्ठीत सर्वांत वर होता, ही तक्रार म्हणूनच मतदारांविरुद्ध करता येत नाही.

क्रम न धरण्याची ही पद्धत येथील संयोजकांनी लंडनहून निघणाऱ्या एका चित्रपटविषयक नियतकालिकाकडून उचलली असावी. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना दहा नावे विचारते आणि प्रत्येक नावाला एकच मत धरते. १९५२ साली ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला, १९६२ ते २००२ अशी पाच वेळा ‘सिटिझन केन’ने जागा सोडली नाही, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने १९१ विरुद्ध १५७ मतांनी त्याला खाली ओढले, आणि २०२२ मध्ये समीक्षकांची संख्या सोळाशेच्या वर नेल्यावर ‘जान दिलमान’ हा बेल्जियन चित्रपट वर आला. मतदार बदलले म्हणून निकाल बदलला, की अभिरुची बदलली म्हणून, यावर तेथेही एकमत झालेले नाही.

नाशिकला तेच घडले, फक्त लहान प्रमाणात. पूर्वी चिठ्ठ्या यायच्या त्या बहुतांशी जुन्या गावातून आणि गंगापूर रोडच्या बाजूने. मग नाशिकरोड, सिडको आणि सातपूर येथे पेट्या ठेवल्या गेल्या. कारखान्यातल्या पाळ्यांवर काम करणारा मतदार प्रथमच आला आणि त्याने आपल्या वेळचे चित्रपट आणले. २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद पडली तेव्हा पेट्याही गेल्या आणि मोबाइलवर अर्ज भरून मत देण्याची सोय झाली. ती नंतर काढली नाही. मोबाइलवरच्या अर्जाने मते वाढली, वयाची सरासरी खाली आली आणि चिठ्ठीवर हाताने लिहिताना जो थोडा विचार व्हायचा तो उरला नाही, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. त्यातल्या शेवटच्या भागाशी सहमत होणे अवघड आहे. अकरा कार्डे एका शाईने लिहिणाऱ्यानेही फार विचार केला नव्हता.

एकगठ्ठा मतांचे हे संकट जगभर आहे. २००८ च्या जुलैमध्ये एका प्रसिद्ध चित्रपट-संकेतस्थळावर ‘द डार्क नाइट’च्या चाहत्यांनी त्याला भराभर दहापैकी दहा गुण देऊन पहिल्या जागी नेले आणि ‘द गॉडफादर’च्या गुणांची पडझड झाली, त्या हाणामारीचा फायदा शेवटी ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ला झाला. अशा ठिकाणी थोड्या मतांवर चित्रपट वर जाऊ नये म्हणून त्याची सरासरी एकूण सरासरीकडे ओढून घेणारे सूत्र वापरतात. येथे असे काही करण्याची सूचना दोन वर्षांपूर्वी आली होती, पण ते सूत्र बैठकीत फळ्यावर लिहून झाल्यावर कोणीच काही बोलेना, तेव्हा ती मागे पडली.

सध्या स्थिती अशी आहे की, निकाल मागे घेणार नाही असे संयोजकांनी स्पष्ट केले आहे, मात्र नुसते ‘हरिश्चंद्र’ लिहिलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेवल्या असून त्या पाहण्यास कोणालाही मुभा आहे. आतापर्यंत चौघे जण त्या पाहून गेले. त्यांपैकी एकाला स्वतःचीच चिठ्ठी सापडली आणि आपल्या मनात ‘अयोध्येचा राजा’ होता, असे त्याने पाकिटावर लिहून सही केली. ते मत आता मोजावे काय, हा प्रश्न पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर चौथा आहे. पहिला प्रश्न शब्दाचा आहे, आणि मतपत्रिका छापायला टाकण्यापूर्वी तो सुटावा असा आग्रह दोन्ही बाजूंचा आहे.