जंतूच्या मागे हात धुऊन लागलेली बेटे

अल्सर म्हटला की आपल्याकडे अजूनही 'तिखट कमी करा, टेन्शन घेऊ नका' असे ऐकवले जाते. १९८० पर्यंत डॉक्टरही साधारण हेच सांगत. जठरातल्या आम्लात जंतू टिकणारच नाही, असे सगळे धरून चालले होते.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. दोन वर्षांनी बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर सोबतीला आला. प्रयोगशाळेत मात्र हे जंतू काही केल्या वाढेनात. दोन दिवसांत काही उगवले नाही, की बशी फेकायची, हा तिथला शिरस्ता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. त्याला नुसती सवड हवी होती! १९८४ मध्ये मार्शलने हे जंतू स्वतःच पिऊन टाकले. आठवडाभरात उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला. आईनेही तो बोलून दाखवला. एंडोस्कोपीत जठराला सूज दिसली. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी, अनेक अल्सरचे मूळ. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

गोष्ट सहसा इथेच संपवतात. खरा पेच पुढचा. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा जंतू कर्करोगकारक ठरवला. २००१ मध्ये जपानमधल्या अभ्यासात जंतू असलेल्या १,२४६ रुग्णांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० पैकी एकालाही नाही. अल्सरवाल्याला अँटिबायोटिक देणे सोपे. पण ज्याचे काहीच दुखत नाही, त्याला गोळ्या का द्यायच्या?

उत्तर शोधले ते चीनच्या किनाऱ्यालगतच्या, पण तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांनी. तिथे जठराचा कर्करोग फार. २००४ पासून तिशीपुढच्या सगळ्यांना श्वासचाचणीला बोलावले. युरियाचे पाणी प्यायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पिशवीत फुंकायचे. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खूण केलेला कार्बन श्वासात उतरतो. ना नळी, ना सुई. जंतू सापडला, की औषधांचा कोर्स. २०१८ पर्यंत अशा सहा फेऱ्या झाल्या. जंतू असणाऱ्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ वर आले आणि कर्करोगाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण ५३ टक्क्यांनी घटले. मृत्यूंतली घट मात्र तितकी ठाम दिसली नाही. एवढ्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतील ही धास्तीही होती. तपासणीत तसे आढळले नाही. जपानने २०१३ मध्ये, अल्सर नसला तरी जंतूमुळे जठराला सूज असलेल्यांच्या उपचाराचा खर्च विम्यात घेतला.

हीच मोहीम भारतात जशीच्या तशी राबवता येत नाही. इथे जंतू घरोघरी, पण जठराचा कर्करोग त्या मानाने कमी. त्यातही मिझोराम वेगळे. देशात या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे ते तिथे. तपासणी आधी कुठे करायची असे विचारले, तर बोट तिकडेच जाते.