युरोपातलं होस्टिंग घ्यायचंय? आधी हे वाचा (आमच्या ग्राहकांसाठी)

सध्या बऱ्याच जणांचे फोन येतायत की आमचं जर्मनीत नाहीतर नेदरलँड्समध्ये गिऱ्हाईक आहे, ते लोक सारखं जीडीपीआर जीडीपीआर (लोकांची वैयक्तिक माहिती जपायचा युरोपचा कायदा) करतात, तर आमची साइट युरोपात हलवून द्या. हलवून देऊ की, पण नुसता सर्व्हर तिकडे गेला म्हणजे काम झालं असं नाहीये.

जीडीपीआर 25 मे 2018 पासून लागू आहे आणि तुम्ही पुण्यात बसून युरोपातल्या लोकांना माल किंवा सेवा विकत असाल तर तो तुम्हालाही लागतो, सर्व्हर मुंबईत असो नाहीतर म्युनिकमध्ये. आणि डेटा युरोपातच ठेवा अशी सक्ती त्यात नाही, बाहेर न्यायचा तर ठरलेल्या अटींवर न्या असं आहे.

मग युरोपियन कंपनीच का बघायची? तर अमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल या तिघांचीही फ्रँकफर्टला सोय आहे, पण मालक अमेरिकन, आणि 2018 च्या अमेरिकन क्लाउड ॲक्टप्रमाणे तिथलं सरकार वॉरंट काढून अमेरिकन कंपनीकडे डेटा मागू शकतं, मग सर्व्हर कुठल्याही देशात असू दे. 2025 च्या जूनमध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या समितीसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं की फ्रेंच लोकांचा डेटा असा कधीच जाणार नाही याची हमी देता का, तर तो म्हणाला, नाही देऊ शकत (असं अजून घडलेलं नाही हेही त्याने सांगितलं, तेवढं खरं बोलायला हवं). युरोप-अमेरिका डेटा देवाणघेवाणीच्या आधीच्या दोन व्यवस्था युरोपच्या कोर्टाने 2015 आणि 2020 ला मोडीत काढल्या, 2023 ला तिसरी आली. त्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्ही ठरवा, आम्ही फारसा ठेवत नाही.

युरोपियन म्हणाल तर जर्मनीची हेट्झनर आणि आयोनोस, फ्रान्सची ओव्हीएच क्लाउड आणि स्केलवे, फिनलंडची अपक्लाउड. स्वित्झर्लंडची इन्फोमॅनियाकपण आहे, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण त्यांचा डेटा जपायचा कायदा युरोपने पुरेसा मानलेला आहे. लहान साइटसाठी आम्ही बहुतेक वेळा हेट्झनर सुचवतो, स्वस्त पडतं म्हणून. फक्त सर्व्हर बनवताना लोकेशन नीट बघा, तिथे न्यूरेंबर्ग, फाल्केनस्टाइन, हेलसिंकीच्या जोडीला अमेरिका आणि सिंगापूरपण दिसतं, घाईत भलतंच क्लिक झालं तर सगळा खटाटोप वाया. आणि प्रोव्हायडरबरोबर डेटा प्रोसेसिंगचा करार (तुमच्या लोकांचा डेटा ते कसा हाताळणार याचा) करायचा असतो, तो अकाउंटमधूनच ऑनलाइन होतो, तरी लोक राहून देतात.

आता आमचीच गोष्ट. समजा तुमची कंपनी किंवा मंडळ जर्मनीत रजिस्टर आहे, सर्व्हर न्यूरेंबर्गला, पण मेंटेनन्स आम्ही पुण्यातून करतो. आमच्या माणसाने इथून लॉगिन करून मेंबरांची यादी उघडली की कायद्याच्या दृष्टीने डेटा भारतात आला. युरोपने भारताच्या कायद्याला स्वित्झर्लंडसारखी मान्यता अजून दिलेली नाही, म्हणून तुमच्या-आमच्यात युरोपियन कमिशनच्या ठरलेल्या मसुद्याचा वेगळा करार लागतो. कुणी होस्टिंगवाला हे आपणहून सांगत नाही, आम्ही सांगतोय कारण सही आम्हालाच करायचीये.

बॅकअप दुसऱ्या शहरात घ्या, जमलं तर दुसऱ्या कंपनीकडे, आणि आधी एनक्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही असा), किल्ली स्वतःकडे. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबुर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं.

आणखी एक, साइटवर गुगल फॉन्ट (गुगलचे फुकट अक्षरसंच) थेट गुगलवरून येत असतील तर तेही बघावं लागेल, त्याने साइट बघणाऱ्याचा आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा त्याचा पत्ता) गुगलकडे जातो म्हणून जानेवारी 2022 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका साइटवाल्याला 100 युरो भरपाई द्यायला लावली होती. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवले की झालं, ते आम्ही हलवताना करून देतो.

ज्यांचं सगळं गिऱ्हाईक इथलंच आहे त्यांनी मात्र या भानगडीत पडू नका, मुंबईच्या माणसाला साइट उगाच हळू उघडेल. बाकीच्यांनी हलवायचं ठरलं की तुमच्या फॉर्ममध्ये लोकांकडून काय काय भरून घेता त्याची यादी आधी पाठवा. गणपतीच्या कार्यक्रमाच्या नावनोंदणीला जन्मतारीख आणि घरचा पत्ता कशाला लागतो, ते रकाने काढले तर निम्मं काम तिथेच कमी होईल.