नागपूरचे तलाव: पक्षीगणनेपासून बेशरम उपटण्यापर्यंत

नागपूरकर पक्षीमित्र हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जिथे जातात, त्यातली बहुतेक पाणथळं माणसांनी बांधलेली आहेत. फुटाळा म्हणजे तेलंगखेडीचा तलाव भोसल्यांच्या काळातला. अंबाझरीचा बांध १८७० चा, गोरेवाडा १९१२ च्या सुमाराचा. दोन्ही शहराच्या पाण्यासाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणीच केला नव्हता. ते आपले आपण आले.

शहराबाहेर, उमरेडकडून भंडारा-गोंदियापर्यंत, मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, अर्थात सारा गोळा करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले. कोहळी समाजातल्या जाणकारांनी उतार पाहून घातलेल्या पाळी, मागे उथळ पसरट पाणी. पाणपक्ष्यांना हा उथळपणाच मानवतो. खोल पाण्यात बुडी मारणारी लालसरीसारखी बदकं रमतात, पण चिखलपायांना, म्हणजे काठच्या चिखलात खाद्य टिपणाऱ्या पक्ष्यांना, चिखल लागतो आणि कमळपक्ष्याला पानांचा गालिचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली (नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं), तलाव सरकारजमा झाले आणि दरवर्षी गाळ काढणारे, पाळ बघणारे हात हळूहळू सुटले.

गाळ साचला तशी बेशरम नावाची झुडपी वनस्पती शिरली. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावली गेली. तोडून टाकलेली काडीही ओलीत मूळ धरते, तेव्हा नाव अगदी शोभतं. जलपर्णीही त्याच खंडातून आलेली. दोघींनी काठ आणि पाणी झाकलं की देवधान (रानटी भात), लव्हाळे, पाण्याखालची हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांची जागा जाते. त्यांच्याबरोबर मासे आणि पक्ष्यांचं खाद्यही.

पक्षी मोजण्याची शिस्त त्या मानाने अलीकडची. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ मध्ये सुरू झाली. ती दर जानेवारीत होते. पुढे ई-बर्ड या ऑनलाइन नोंदवहीमुळे एकट्यादुकट्या निरीक्षकाच्या नोंदीही एका जागी साठू लागल्या. अशाच नोंदींवर भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा देशव्यापी अहवाल उभा राहिला: ९४२ जातींचा आढावा, त्यातल्या १७८ जातींना संवर्धनात सर्वोच्च प्राधान्य. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. चितमपल्लींनी नवेगावबांधच्या पाण्याकाठी वर्षानुवर्षं काढली होती, त्यामुळे विदर्भाला या निवडीचं थोडं जास्तच कौतुक.

कायद्याची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेने गेली. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याचं पाणी, सिंचन, मनोरंजन यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे आपल्याकडचं जवळपास सगळंच! फुटाळ्यावरच्या कारंज्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये निकाल आला की हा मानवनिर्मित तलाव त्या नियमांखालची पाणथळ जागा ठरत नाही. त्याच वेळी अशा पाण्यालाही सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व, म्हणजे सरकार हे लोकांच्या वतीने त्याचं राखणदार, लागू होतं, असं न्यायालयाने म्हटलं. संरक्षणाचा आधार इतकाच उरला, तर काठ सुधारण्याचं काम स्थानिकांवरच येतं.

ते कसं करावं, याचा धडा भंडारा-गोंदियातल्या ढिवर मच्छीमारांकडे आहे. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची, जमीन नांगरायची आणि पाऊस लागल्यावर दुसऱ्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. त्यांचा हेतू मासे वाढावेत हा. पक्षी त्याच वनस्पतींमागे येतात. नुसतं जेसीबी लावून तलाव खोल करणं आणि काठाला दगडी पिचिंग करणं याला सौंदर्यीकरण म्हणा, अधिवास म्हणू नका.

मोजणीतली एक उणीव इथेच दिसते. जानेवारीत पट्टकादंब, तलवार बदक असे पाहुणे मोजले जातात. लागवडीचा खरा परिणाम मात्र पावसाळ्यात कळतो, कारण कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई इथेच घरटी करतात, आणि तीही बऱ्याचदा याच झाडोऱ्यात. जुलै ते सप्टेंबरमध्ये त्याच काठांवर दुसरी मोजणी झाली नाही, तर लावलेलं देवधान कोणाच्या कामी आलं हे जानेवारीचे आकडे सांगू शकणार नाहीत.