वळिवड्याला वाढलेली पोलिश मुलं

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर वळिवडे नावाचं छोटं स्टेशन आहे. १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. युरोपातली ही मुलं थेट करवीर तालुक्यात कशी आली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, हे आपण शाळेत शिकतो. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजाही शिरल्या, हे मात्र बहुतेकदा सुटून जातं. वळिवड्याची हकीकत सुरू होते ती तिथून. १० फेब्रुवारी १९४० ला कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांची पहिली मोठी हद्दपारी झाली. सैनिकांनी दार ठोठावायचं, सामान बांधायला जेमतेम वेळ द्यायचा आणि अख्खं घरदार मालगाडीच्या डब्यात कोंबायचं. तेव्हा आठ वर्षांची असलेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. उत्तर रशियाच्या जंगलात तिची आई लाकूडतोड करते, आणि जेवढं काम होईल तेवढाच पाव पदरात पडतो.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला. मग लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी स्टालिनला जुळवून घ्यावं लागलं. पोलिश कैदी सुटले, जनरल आंदेर्स यांनी सैन्य उभारायला घेतलं आणि १९४२ मध्ये त्या सैन्यासोबत हजारो बायकामुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. उवांमुळे फैलावणारा टायफसचा ताप पसरू नये म्हणून त्यांचे कपडे जाळले गेले, डोकी भादरली गेली. पुढे काहींना नवानगर संस्थानच्या (आजचं जामनगर) जामसाहेबांनी तिथल्या बालाचडीत आसरा दिला. काही वळिवड्याला आले; इथली छावणी बालाचडीहून कितीतरी मोठी होती आणि तिचा खर्च परागंदा पोलिश सरकार उचलत होतं.

पंचगंगेच्या परिसरातल्या त्या बराकींमध्ये चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत, स्काउटची पथकं होती. मला सगळ्यात मोलाची वाटते ती शाळा. शिकवणारेही मुलांसारखेच घरातून उखडले गेलेले. तरी पोलिश भाषा, पोलंडचा इतिहास, परीक्षा, सगळं नेमाने चालायचं, कारण एक दिवस घरी परतायचं होतं. उपासमारीतून आलेल्या पोरांनी दूर राहिलेल्या त्या देशासाठी पुन्हा वही उघडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि तो दिवस आलाच नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असं ठरलं. यातल्या बहुतेकांची गावं नेमकी त्याच भागातली. जुलैमध्ये ब्रिटनने परागंदा सरकारची मान्यताही काढून घेतली. काही जण पोलंडला गेले, बरेच ब्रिटनला, काही ऑस्ट्रेलियाला. ती आठ वर्षांची मुलगी १९४८ पर्यंत सोळा वर्षांची झाली होती; शिकलेली, आणि नव्या देशात कामाला लागायच्या तयारीची. या मुलांनी कोल्हापूरशी नातं मात्र तोडलं नाही. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्हापुरात झालेल्या सोहळ्याला त्यांच्यातले काही जण उतारवयात पुन्हा आले होते.

छावणी रिकामी झाली, तेव्हा फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं निवारा शोधत होती. त्याच बराकी त्यांना मिळाल्या. आज कोल्हापूरकर लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरात जातात, ते हेच.